स्मृतिभ्रंश घराण्यातून येतो का? वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची घरी काळजी कशी घ्यावी यावर लेख होता. त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांत विचारणा एकच आहे: हे आता आपल्याला, आपल्या मुलांना होणार का? त्यातली पाच पत्रं इथे घेतली आहेत. मेंदूविकार आणि आनुवंशिकी समुपदेशन या क्षेत्रांत काम करणाऱ्या आमच्या सल्लागारांनी त्यांना उत्तरं दिली आहेत.

माझं वय ५३. आईला ७६व्या वर्षी अल्झायमर असल्याचं निदान झालं. आता ती मला कधी तिची थोरली बहीण समजते, तर कधी शेजारीण. हल्ली माझंही काहीतरी बिनसलंय. कुकरच्या शिट्ट्या मोजताना विसरते, ओळखीच्या माणसाचं नाव ओठांवर येऊन अडतं. जनुकीय चाचणी करून घ्यावी का? – एक वाचक, कोथरूड

नको. तुमच्या घरातलं चित्र पाहता त्या चाचणीतून उपयोगाचं काही हाती लागणार नाही.

आईला किंवा वडिलांना उतारवयात, म्हणजे पासष्टीनंतर, अल्झायमर (स्मृतिभ्रंशाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार) झाला तर मुलांचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट धरतात. ‘दुप्पट’ ऐकून छातीत धस्स होतं, पण कशाच्या दुप्पट तेही पाहायला हवं. भारतात साठी ओलांडलेल्यांमध्ये सगळ्या प्रकारचा स्मृतिभ्रंश मिळून प्रमाण ७.४ टक्के आहे, असं ‘लासी-डॅड’ या देशव्यापी पाहणीतून २०२३ मध्ये पुढे आलं. वय वाढतं तसं हे प्रमाण झपाट्याने चढतं. म्हणजे तुमच्या आजच्या वयात हा धोका फारच थोडा आहे, आणि पुढे ऐंशीच्या घरातही ‘नक्की होणार’ असं म्हणण्याजोगा तो नसेल.

‘अल्झायमर ६० ते ८० टक्के आनुवंशिक असतो’ हे वाक्य तुमच्याही वाचनात आलं असेल. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून हा आकडा आला आहे, आणि त्याचा चुकीचा अर्थ काढून लोक हवालदिल होतात. तुम्हाला आजार होण्याची शक्यता ६० टक्के आहे, असं तो आकडा सांगत नाही. एखाद्या लोकसमूहात काहींना आजार होतो आणि काहींना होत नाही, या फरकातला किती वाटा जनुकांमधल्या फरकाचा आहे, एवढंच तो सांगतो. शिवाय हा वाटा अनेक जनुकांत विखुरलेला आहे. २०२२ मधल्या एका मोठ्या अभ्यासात जीनोममध्ये, म्हणजे माणसाच्या सगळ्या जनुकीय साठ्यात, अल्झायमरशी संबंधित ७५ जागा सापडल्या. ‘एपोई’ हे एक जनुक सोडलं तर त्यांतल्या बहुतेकींचा परिणाम अगदी किरकोळ आहे.

आता तुमच्या विसरण्याबद्दल. शिट्ट्या चुकणं, नाव न आठवणं आणि मग तासाभराने आपोआप आठवणं, हे बहुधा लक्ष नसल्यामुळे होतं. काळजीची लक्षणं वेगळी असतात. वर्षानुवर्षं केलेल्या पुरणपोळीचा क्रमच चुकतो, रोजच्या रस्त्यावर आपण कुठे आहोत ते उमगत नाही, दहा मिनिटांत तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला जातो. आणि बहुतेक वेळा ही गोष्ट त्या माणसापेक्षा घरच्यांना आधी खटकते.

तरीही दुर्लक्ष नको. रक्तातलं बी-१२, थायरॉईड (टीएसएच), साखर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. पुण्यातल्या शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं सर्रास आढळतं; केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने हे अनेक वर्षं दाखवून दिलं आहे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी पॅन्टोप्राझोलसारखी गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर ते आणखी खाली जातं. अहवालात आकडा २०० ते ३०० पिकोग्रॅमच्या दरम्यान आला की ‘नॉर्मल’ म्हणून कागद फाईलला लावू नका. डॉक्टरांना होमोसिस्टीनच्या (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारा घटक) चाचणीबद्दल विचारा. झोप, पाळी जाण्याचा काळ आणि आईच्या देखभालीचा शीण यांचाही स्मरणावर परिणाम होतो. रात्री चारदा उठून आईला सांभाळणाऱ्या बाईची स्मरणशक्ती दिवसा दगा देणारच. तिची एक-दोन रात्रींची जबाबदारी दुसऱ्या कुणी घेणं हा तिच्यावरच्या उपचाराचाच भाग आहे.

मी ३१ वर्षांचा, आयटीत आहे. हौसेखातर लाळेची किट मागवली. अहवालात ‘एपोई ई४/ई४’ आणि लाल रंगात ‘हाय रिस्क’ असं आलं. घरी अजून सांगितलेलं नाही. – एक वाचक, हिंजवडी

सांगितलं नाहीत हे बरं केलंत. का ते पुढे येतंच.

एपोई हे जनुक १९व्या गुणसूत्रावर असतं. त्यापासून बनणारं प्रथिन मेंदूत चरबीची ने-आण करतं आणि बीटा-अमायलॉईड हा चिकट पदार्थ साफ करण्यातही त्याचा हात असतो. त्याचे तीन प्रकार आहेत: ई२, ई३ आणि ई४. बहुतेक लोकांत ई३ असतो. ई४ सफाईत कमी पडतो, ई२ थोडं संरक्षण देतो. अल्झायमरशी याचा संबंध १९९३ मध्ये स्पष्ट झाला. एक ई४ असेल तर धोका दोन ते तीन पट आणि दोन असतील तर आठ ते बारा पट, असे आकडे सांगितले जातात. पण ते मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून काढलेले आहेत. हरियाणातल्या बल्लभगड परिसरातल्या ग्रामीण अभ्यासात ई४चं प्रमाण अमेरिकेतल्या तुलनेच्या गटापेक्षा कमी होतं आणि अल्झायमरही कमी आढळला. ई४चा आजाराशी संबंध मात्र तिथेही दिसला. म्हणून ‘तुमचा धोका अमुक टक्के’ असा नेमका आकडा कुणी तुमच्या हातात ठेवला तर त्यावर विसंबू नका. ई४ असूनही शेवटपर्यंत शाबूत राहिलेले लोक आहेत, आणि अल्झायमर झालेल्यांपैकी निदान एकतृतीयांश लोकांत ई४ मुळीच नसतो.

आधी अहवाल खरा आहे का ते पाहा. एपोईचा प्रकार जनुकातल्या दोन जागांवरून ठरतो आणि त्यातली एक जागा चुकीची वाचली गेली की ई३चा ई४ होतो. हौसेच्या किटच्या निकालावर कुठलाही निर्णय घेऊ नये. जाणून घ्यायचंच असेल तर एनएबीएल (प्रयोगशाळांचा दर्जा तपासणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, रक्तावरून पुन्हा तपासा.

निकाल कायम राहिला तर त्यातून फक्त तुमचीच माहिती बाहेर पडत नाही. तुम्हाला एक ई४ आईकडून आणि एक बाबांकडून आलेला असतो, म्हणजे दोघांकडेही किमान एक ई४ आहेच. त्यांनी हे जाणून घ्यायचं ठरवलेलं नाही. रविवारी जेवणाच्या ताटावर सहज बोलून टाकण्याची ही गोष्ट नाही. आधी समुपदेशकाशी बोला आणि मग भावंडांना फक्त एवढं विचारा: ‘अशी एक माहिती आहे, तुम्हाला हवी आहे का?’ नको म्हणाले तर विषय तिथेच संपवा.

आता करण्याजोगं काय आहे? ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारे १४ बदलता येण्याजोगे घटक मोजले आणि ते सगळे आवरले तर जगातला सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा पुढे ढकलता येईल असा अंदाज दिला. तुमच्या वयाला त्यातले चार महत्त्वाचे. रक्तदाब मोजायला आत्तापासून सुरुवात करा, चाळिशीनंतर वरचा आकडा १३०च्या आत ठेवा. एलडीएल कोलेस्टेरॉल तपासा. ई४ असलेल्यांमध्ये ते चढं राहण्याचा कल असतो. हेडफोनचा आवाज कमी ठेवा, कारण बहिरेपण या यादीत फार वरच्या जागी आहे. आणि हेल्मेट. डोक्याला मार लागणं हा त्या १४ घटकांपैकी एक आहे, आणि हिंजवडी-वाकड रस्त्यावर दुचाकीने जाणाऱ्याच्या हातात याहून सोपा उपाय दुसरा नाही. पुणेकरांनी हेल्मेटवर जितका वाद घातला त्याच्या निम्म्याने जरी ते डोक्यावर घातलं तरी शहरातले कितीतरी मेंदू सलामत राहतील.

एपोईचा निकाल उपचारात खरोखर कामाला येतो तो वेगळ्या जागी. लेकानेमॅब, डोनानेमॅब ही अमायलॉईड काढणारी नवी औषधं सुरू करण्यापूर्वी रुग्णाचा एपोई प्रकार पाहिला जातो. लेकानेमॅबच्या चाचणीत ई४ नसलेल्या सुमारे ५ टक्के रुग्णांच्या मेंदूला सूज आली, तर दोन ई४ असलेल्या सुमारे ३३ टक्के रुग्णांच्या. बहुतेकांची सूज एमआरआयवरच दिसली, त्रास झाला नाही. पण काहींच्या बाबतीत ती गंभीर ठरू शकते.

बाबांना ४७व्या वर्षापासून विसर पडायला लागला, आज ५१चे आहेत. अधूनमधून हातपाय झटकतात. आत्यालाही पन्नाशीत असंच झालं. आजोबा ५४व्या वर्षी गेले, गावात त्यांना ‘म्हातारचळ लागला’ म्हणायचे. आम्ही तिघं भावंडं २४ ते ३० वयाची आहोत. आमचं काय? – एक वाचक, भोर (सध्या धनकवडी)

तुमच्या घरातली गोष्ट वर दिलेल्या दोन्ही पत्रांहून वेगळी आहे आणि इथे चाचणीला खरंच अर्थ आहे. सलग दोन पिढ्या, तीन माणसं आणि सगळ्यांची सुरुवात साठीच्या आत: असं दिसलं की एकाच जनुकातल्या बिघाडाचा संशय घ्यावा लागतो. असे तीन जनुक पक्के ठाऊक आहेत: २१व्या गुणसूत्रावरचं एपीपी, १४व्यावरचं पीएसईएन-१ आणि पहिल्यावरचं पीएसईएन-२. एपीपीमधला बिघाड १९९१ मध्ये सापडला, उरलेली दोन जनुकं १९९५ मध्ये. सगळ्या अल्झायमर रुग्णांत अशांचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी, पण ज्या घरात ते असतं तिथे प्रत्येक मुलाला तो बिघाड मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. ही शक्यता प्रत्येकाची स्वतंत्र. तिघांनाही मिळू शकतो आणि एकालाही न मिळू शकतो. थोरल्याला मिळाला म्हणून धाकटी सुटली असा हिशेब नसतो. हातपाय झटकणं पीएसईएन-१ मध्ये बऱ्याचदा दिसतं, म्हणून ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. शक्य असेल तर मोबाइलवर व्हिडिओ घेऊन ठेवा.

सर्वांत आधी वंशावळ काढा. एका मोठ्या कागदावर तीन पिढ्या. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ. प्रत्येकाखाली चार गोष्टी लिहा: जन्मसाल, पहिलं लक्षण कोणतं, ते कितव्या वर्षी, आणि मृत्यू कशाने. गफलत होते ती दुसऱ्या-तिसऱ्या गोष्टीत. लोक निदानाचं किंवा मृत्यूचं वय सांगतात. हवं असतं ते सुरुवातीचं वय. ते काढायला ‘विसर कधी पडायला लागला’ असं न विचारता ठरावीक गोष्टी विचारा: सोसायटीचा दूध-हिशेब शेवटचा कधी बरोबर आला, बँकेतली सही कधीपासून जुळेना, एसटीने एकटे प्रवास करणं कधी बंद झालं. जुन्या पिढीत ‘म्हातारचळ’, ‘डोक्यावर परिणाम’, ‘करणी’ या शब्दांखाली बरंच काही दडलेलं असतं. जो तरुणपणीच अपघातात किंवा आजाराने गेला, त्याच्यापुढे ‘निरोगी’ असं लिहू नका. तो आजाराच्या वयापर्यंत पोचलाच नव्हता.

चाचणी आधी बाबांची करायची, तुमची नव्हे. या प्रक्रियेतली सर्वांत मोठी चूक इथेच होते. निरोगी मुलाने आधी चाचणी केली आणि काही सापडलं नाही, तर त्याचे दोन अर्थ होतात: त्याला बिघाड मिळाला नाही, किंवा घरातला बिघाड ज्या जनुकात आहे ते तपासलंच गेलं नाही. हे दोन वेगळे ओळखता येत नाहीत आणि खोटा दिलासा मिळतो. बाबांच्या रक्तात नेमका बदल सापडला की मग तुमच्यासाठी फक्त तेवढी एकच जागा तपासावी लागते. ती चाचणी स्वस्तही पडते आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ असं स्पष्ट सांगते.

बाबांचं तीन-चार मिलिलिटर रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत घेतात. स्मृतिभ्रंशाच्या जनुकांचा पॅनेल (अनेक जनुकांची एकत्र तपासणी) मागवताना दोन गोष्टी विचारून घ्या. एपीपीची जादा प्रत बनली असेल तर साध्या सिक्वेन्सिंगमध्ये (जनुकाची अक्षरं वाचण्याच्या चाचणीत) ती निसटू शकते, त्यासाठी प्रतींची संख्या मोजणारी चाचणी लागते. आणि सी९ओआरएफ७२ या, वेगळ्या प्रकारच्या स्मृतिभ्रंशाशी जोडलेल्या जनुकातली पुनरावृत्ती (एकच तुकडा पुन्हापुन्हा येणं) नेहमीच्या पॅनेलमध्ये सहसा येत नाही. तिची पीसीआर चाचणी वेगळी मागावी लागते. बाबांना संमती देण्याइतकं समजत नसेल तरी काय चाललंय ते त्यांना सोप्या शब्दांत सांगा. संमती मग आईने डॉक्टरांशी बोलून द्यावी. त्यांची प्रकृती खालावत असेल तर निदान डीएनए साठवून ठेवायची सोय प्रयोगशाळेकडे विचारा. ते गेल्यावर ही वाट बंद होते.

अहवालात ‘पॅथोजेनिक’ (आजार घडवणारा) किंवा ‘लाइकली पॅथोजेनिक’ (बहुधा आजार घडवणारा) असं आलं तर कारण सापडलं. ‘व्हीयूएस’ आलं तर बदल दिसला आहे, पण तो आजाराचा की निरुपद्रवी हे ठरलेलं नाही. व्हीयूएसवरून भावंडांची चाचणी करायची नाही, लग्न मोडायचं नाही, नोकरी सोडायची नाही. आत्याचं रक्त तपासून तोच बदल तिच्यातही आहे का ते पाहता येतं, आणि एक-दोन वर्षांनी प्रयोगशाळेकडून तो अहवाल पुन्हा वाचून घ्यायचा.

त्यानंतर तुमची पाळी, तीही हवी असेल तरच. अठरा वर्षांखालच्या कुणाचीही ही चाचणी करत नाहीत. पद्धत हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजाराच्या धर्तीवर आहे: समुपदेशकाबरोबर एक सविस्तर बैठक, मग विचाराला काही आठवडे, मग रक्त, आणि निकाल समोरासमोर, सोबत विश्वासातलं माणूस असताना. निकाल फोनवर, व्हॉट्सॲपवर किंवा ई-मेलने घ्यायचा नाही. मध्येच ‘नको’ म्हणायची मुभा शेवटपर्यंत असते. तिघांपैकी एकाला जाणून घ्यायचं आहे आणि दोघांना नाही, तर तिघांचंही बरोबर आहे. हा काळ अवघड जातो. रात्री-अपरात्री मन फार खचलं तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मराठीत बोलतो.

विम्याचं चाचणीआधी उरकून घ्या. अर्जात घरातल्या आजारांची विचारणा असते. तिथे खरं तेच लिहा, लपवलेली माहिती दावा नाकारायला कारण ठरते. मूल हवं असेल तर गर्भधारणेआधी समुपदेशकाला भेटा: भ्रूणाची तपासणी करून गर्भधारणा करण्याचा मार्ग आहे, पण त्यासाठी घरातला नेमका बदल आधी माहीत असावा लागतो आणि तयारीला काही महिने जातात.

सुरुवात ससूनमधल्या किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयातल्या न्यूरॉलॉजिस्टपासून करा आणि आनुवंशिकी समुपदेशकाकडे पाठवायला सांगा. वंशावळीचा कागद सोबत न्या. आणखी एक गोष्ट तुम्हाला माहीत असावी. कोलंबियातल्या अँटिओकिया प्रांतात पीएसईएन-१ मधल्या एकाच बिघाडाची मोठमोठी घराणी आहेत. तिथे विसर साधारण चव्वेचाळिशीत सुरू होतो. त्यांतल्या एका बाईला हाच बिघाड असूनही सत्तरीपर्यंत काही झालं नाही. तिच्याकडे एपोईचा एक दुर्मीळ प्रकार दोन प्रतींत होता, असं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यावरून आज तुम्हाला काही उपचार देता येत नाही, पण औषध शोधणाऱ्यांना एक ठोस दिशा मिळाली आहे.

मुलीसाठी स्थळ आलं आहे. सगळं जुळतंय, पण मुलाच्या वडिलांना ७१व्या वर्षी स्मृतिभ्रंश झालाय. दुसरं स्थळ माझ्या भावाच्या मुलाचं आहे, तिथे असा त्रास कुणालाच नाही. – एक वाचक, सदाशिव पेठ

पहिलं स्थळ या कारणासाठी नाकारू नका. एकाहत्तराव्या वर्षी सुरू झालेला स्मृतिभ्रंश आपल्याकडे घरोघरी आहे आणि त्यात रक्तदाब, मधुमेह, लहान-लहान पक्षाघात यांचा मोठा वाटा असतो. विचारायचंच तर वडिलांबद्दल विचारण्यापेक्षा मुलालाच विचारा, की तो स्वतःचा रक्तदाब तपासतो का, तंबाखू खातो का.

मामेभाऊ-आतेबहिणीच्या लग्नाचा आनुवंशिक धोका मात्र खरा आहे, तो वेगळ्या आजारांसाठी. दोन्हीकडून एकच सदोष जनुक आला तरच होणारे आजार अशा लग्नांत वाढतात. शरीरात तांबं साठत जाण्याचा विल्सन आजार त्यातलाच, आणि त्यात तरुण वयात बुद्धी-वागणूक बिघडू शकते. अशी सोयरीक करायचीच असेल तर आधी आनुवंशिकी तज्ज्ञांना भेटा.

काका ५७चे, शाळेत मुख्याध्यापक होते. स्मरण ठीक आहे, पण वर्षभरात माणूसच बदलला. लग्नघरात अनोळखी माणसाच्या ताटातला गुलाबजाम उचलून खाल्ला. काकू आजारी पडल्या तर विचारपूसही केली नाही. मानसोपचार चालू आहेत, फरक नाही. त्यांच्या सख्ख्या बहिणीच्या हातातली ताकद गेली आणि तीन वर्षांत त्या वारल्या. याचा काही संबंध आहे का? – एक वाचक, पिंपरी

असू शकतो आणि बहिणीचा उल्लेख तुम्ही केलात हे फार मोलाचं आहे. स्मरण शाबूत, पण लाज, माया, धरबंद गेलेला आणि गोडाची हाव: हे फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाचं चित्र असू शकतं. तो अल्झायमरहून वेगळा. पन्नाशी-साठीत सुरू होत असल्याने सुरुवातीची एक-दोन वर्षं मानसिक आजार समजून उपचार होतात. घराण्याचा वाटा इथे अल्झायमरपेक्षा जास्त असतो. मुख्य जनुक तीन: एमएपीटी, जीआरएन आणि सी९ओआरएफ७२.

२०११ मध्ये सापडलेल्या तिसऱ्या जनुकात सहा अक्षरांचा एक तुकडा शेकडो वेळा पुन्हापुन्हा येतो. एकाच घरात हाच बिघाड एकाला वागणुकीचा आजार देतो, तर दुसऱ्याला एएलएस, म्हणजे स्नायूंची ताकद जाण्याचा आजार. बहिणीचे जुने कागद, विशेषतः ईएमजीचा (स्नायू-नसांच्या विद्युत तपासणीचा) अहवाल, शोधून काढा. न्यूरॉलॉजिस्टला भेटून मेंदूचा एमआरआय करून घ्या; कपाळामागचा आणि कानशिलांकडचा भाग आक्रसला आहे का ते त्यात पाहतात. सी९ओआरएफ७२ची चाचणी काकांच्या रक्तावर नावाने मागा. नुसता पॅनेल करून ‘निगेटिव्ह’ आला तर या जनुकाबद्दल काहीच कळलेलं नसतं. त्यांचा गिळण्याचा त्रास, बारीक होणारे हात आणि त्वचेखाली होणारी फडफड यावर दर भेटीत लक्ष ठेवायला सांगा.

तोवर बँकेचं आणि मालमत्तेचं आधी पाहा. या आजारात माणूस फोनवरच्या भामट्याला पैसे देऊन मोकळा होतो. खातं संयुक्त करा, एटीएमची आणि यूपीआयची मर्यादा कमी करून घ्या, दुचाकीची किल्ली काकूंकडे ठेवा. आणि काकूंना कुणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवं, की त्यांनी आजारपणात विचारलं नाही ते प्रेम आटलं म्हणून नव्हे. मेंदूतला जो भाग दुसऱ्याचं दुखणं ओळखतो, तोच या आजारात झिजतो.